गावचं बंद घर राहतं करायचंय? आधी सह्या, मग कौलं. रंग सगळ्यात शेवटी

खानापूर : प्रतिनिधी

खानापूर किंवा चंदगड तालुक्यातल्या कुठल्याही वाडीत जा, कुलूप लावलेली दोन-चार घरं दिसतातच. मालक नोकरीधंद्यासाठी बेळगाव, पुणे, मुंबई नाहीतर गोव्यात. गणपतीला आणि यात्रेला घर उघडायचं, झाडलोट करायची, चार दिवसांनी परत कुलूप. आता मात्र हेच घर नीट करून शनिवार-रविवार तिथे काढावा, निवृत्तीनंतर वर्षातले काही महिने राहावं, असा विचार बरेच जण करू लागले आहेत.

विचार चांगला आहे, पण सुरुवात बहुतेक वेळा उलटी होते. आधी टाईल्सचं बाथरूम, मग रंग, मग कंपाउंड. छप्पर ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणून राहतं आणि जुलैच्या पावसात नव्या रंगावर ओल उतरते.

बंद घर का पडतं?

जुनी घरं मातीच्या किंवा जांभ्या दगडाच्या भिंतींची, लाकडी वाशांची आणि कौलारू. ती राहत्या माणसांसाठी बांधलेली. रोज चूल पेटायची, धूर वाशांतून फिरायचा, लाकूड कोरडं राहायचं आणि किडीला आसरा मिळायचा नाही. एखादं कौल सरकलं तर पहिल्याच पावसात थेंब अंगावर पडायचा आणि लगेच कोणीतरी वर चढायचं.

बंद घरात हा थेंब कोणाला दिसत नाही. पाणी वाशावर, तिथून भिंतीच्या माथ्यावर उतरतं. ओल्या लाकडाला वाळवी लागते, वासा वाकतो, आणखी कौलं सरकतात. कणकुंबी, आमगाव, जांबोटी भागातल्या पावसात दोन-तीन वर्षं असं गेलं की भिंत बसते. म्हणजे घर पाडतो तो नुसता पाऊस नव्हे, वेळेवर न बघितलेलं एक कौल.

पहिलं काम कागदाचं

घर आजोबांच्या नावावर, वारस दहा-बारा, हे चित्र घरोघरी आहे. पैसे एकाने घालायचे आणि काम अर्ध्यावर आल्यावर दुसऱ्याने हरकत घ्यायची, यातून भाऊबंदकी पेटते. म्हणून गवंड्याला बोलावण्याआधी सगळ्यांना एकत्र बसवावं.

कर्नाटकात गावठाणातल्या घरासाठी ग्रामपंचायतीचा ई-स्वत्तू उतारा काढावा. वारसा लावायचा असेल तर नाडकचेरीतून वंशावळ लागते. महाराष्ट्राच्या बाजूला ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा बघावा. घरपट्टी भरल्याची पावती जपून ठेवावी, पण ती मालकीचा पुरावा नाही, हेही लक्षात ठेवावं. दुरुस्तीचा खर्च केला म्हणून घर आपलं होत नाही.

बहिणींना विसरू नये. २००५ च्या दुरुस्तीनंतर हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याबद्दलच्या शंकाही दूर केल्या. ‘तिचं लग्न झालंय, तिची सही कशाला,’ हे आता चालत नाही. कोणी किती पैसे घातले, पुढे वाटणी झाली तर ते कसे वळते करायचे, घर कोणी कधी वापरायचं, हे कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात. खर्चासाठी बँकेत वेगळं खातं असलं तर हिशेबावरून वाद होत नाही.

नवीन जागा घेणाऱ्यांनी सीमेच्या दोन्ही बाजूंचे नियम वेगळे आहेत, हे ध्यानात घ्यावं. कर्नाटकात २०२० च्या दुरुस्तीनंतर शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन घेता येते. महाराष्ट्रात त्यासाठी साधारणपणे शेतकरी असावं लागतं. गोव्यात भातशेतीची जमीन बिगरशेतकऱ्याला देण्यावर २०२३ च्या कायद्याने निर्बंध आले आहेत. शिवाय शेतजमीन घेतली म्हणजे तिथे घर बांधायची परवानगी मिळाली, असं नाही.

छपराचा हिशेब

छपराचा अंदाज घरबसल्या काढता येतो. समजा, घर २० बाय ३० फूट आहे. चारी बाजूंनी दोन-दोन फूट वळचण धरली तर २४ बाय ३४, म्हणजे ८१६ चौरस फूट. उताराचे पंधरा टक्के वाढवले की सुमारे ९४० चौरस फूट, म्हणजे ८७ चौरस मीटर. मंगलोरी कौलं एका चौरस मीटरला साधारण १५ बसतात. म्हणजे घराला तेराशेच्या आसपास कौलं लागतात. दहातलं एक फुटकं निघालं तर १३० विकत घ्यायची, बाकी तीच परत वापरायची. कोन्याची कौलं वेगळी मोजावीत.

खानापूरची माती कौलं-विटांसाठी पूर्वीपासून नावाजलेली. जुनी कौलं पाडलेल्या घरांवरूनही मिळतात. घेताना आपलं एक कौल सोबत न्यावं, कारण कारखान्यागणिक खाचा बदलतात. खाच जुळली नाही तर पाणी आत येणारच.

कौलं उतरवली की वासे आणि रिपा तपासाव्यात. वाशावर हातोडीने ठोकून बघावं, पोकळ आवाज आला किंवा स्क्रूड्रायव्हर सहज आत गेला तर तो वासा बदलावा. परड्यातलं सागवान तोडायचं असेल तर आधी वन खात्याची परवानगी घ्यावी.

कौलं की पत्रा, हा प्रश्न हमखास निघतो. माकडांनी कौलं फोडून हैराण केलेल्या गावांत लोक पत्र्याकडे वळले, त्यात त्यांचं चुकलं असं म्हणता येत नाही. पण पत्र्याखाली एप्रिल-मेमध्ये दुपारी बसवत नाही आणि पावसात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. काही जण वाशांवर पत्रा आणि त्यावर कौलं घालतात. खर्च जास्त, वजनही वाढतं, पण कौल फुटलं तरी घर गळत नाही.

भिंती, पाणी, वीज

मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नये. भिंतीतली ओल आत कोंडते आणि काही पावसाळ्यांत गिलावा पोपड्यासारखा सुटतो. माती-शेणाचा किंवा चुन्याचा गिलावाच बरा. पागोळीचं पाणी पायाशी साचू नये म्हणून अंगणाला बाहेरच्या बाजूला उतार द्यावा आणि गटार मोकळं ठेवावं. पावसाचा मारा ज्या बाजूने येतो, तिथल्या भिंतीला गवताचा किंवा झापांचा आडोसा बांधावा.

विजेची जुनी वायरिंग उंदरांनी कुरतडलेली असते. ती पूर्ण बदलून अर्थिंग करावं आणि शॉक लागताच वीज तोडणारा स्विच बसवावा. विहीर उपसून पाणी तपासून घेतल्याशिवाय पिऊ नये. उरलेली कौलं आणि लाकडं भिंतीला टेकवून रचू नयेत, तिथे उंदीर येतात आणि उंदरांमागे साप.

घर वापरात राहिलं पाहिजे

दुरुस्ती संपली म्हणजे काम संपलं, असं नाही. महिन्यातून एकदा तरी दारं-खिडक्या उघडल्या पाहिजेत. जमत नसेल तर किल्ली शेजारी द्यावी, पण ती फुकटची जबाबदारी समजू नये. आठवड्याला एकदा चूल पेटवून झाडलोट करणाऱ्याला ठरवून पैसे द्यावेत. दर वर्षी एप्रिल-मेमध्ये शाकारणी झालीच पाहिजे. पहिल्या मोठ्या पावसात एक रात्र स्वतः जाऊन राहावं, कुठे गळतं ते तेव्हाच कळतं.

आणि गावच्या घरात शहरातला फ्लॅट उभा करू नये. सोपा मोकळा ठेवावा, चूल आणि न्हाणी मोडू नये. पायरी-चढउतार झेपत नसलेल्या म्हाताऱ्या माणसांसाठी कमोड आणि धरायला दांडा एवढं मात्र जरूर करावं, कारण अनेक घरांत परत जायची खरी ओढ त्यांनाच असते. सगळा खर्च एकदम करायची गरज नाही. या वर्षी सह्या आणि छप्पर, पुढच्या वर्षी वीज-पाणी, त्यानंतर रंग. पाऊस जूनमध्ये येतो आणि कौलं चढवणारा माणूस मे महिन्यात मिळत नाही, तेव्हा त्याला होळीच्या आधीच सांगून ठेवलेलं बरं.