दातांवरचे डाग आणि दाताच्या रंगाचे सिमेंट

लग्नसराई जवळ आली की एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, मुलीच्या पुढच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग आहेत. काही औषध आहे का?" पोटात घेण्याचे औषध नाही, पण दंतवैद्याकडे उपाय जरूर आहे.

दाढेत भरायची चांदी सर्वांच्या परिचयाची. पुढच्या दातांसाठी दाताच्याच रंगाचे सिमेंट मिळते, त्याला कॉम्पोझिट म्हणतात. एक प्रकारचे प्लॅस्टिक व काचेसारखी अतिबारीक पूड यांचे हे मिश्रण. ते दाताला चिकटते कसे? फॉस्फोरिक आम्लाने दाताचे कवच किंचित खरखरीत केले की प्लॅस्टिक त्यात घट्ट बसते, हे १९५५ साली बुओनोकोर या अमेरिकन दंतवैद्याने दाखवून दिले. आजही तसेच करतात. दात ओला असतानाच रंग जुळवून घेतात, कारण कोरडा दात जास्त पांढरा दिसतो. मग आम्ल लावून धुतात, चिकटद्रव्य लावतात आणि सिमेंटचे पातळ थर देत प्रत्येक थर निळ्या प्रकाशाने काही सेकंदांत कडक करतात. डाग गडद असेल तर कवच थोडे घासावे लागते. भुलीचे इंजेक्शन बहुधा लागत नाही.

मात्र सिमेंट डाग झाकते, बरा करत नाही. म्हणून डाग कशाचा हे आधी पाहावे. मिश्री, तंबाखू, चहा यांचे डाग वरवरचे. दात साफ करून घेतले की बहुतेक जातात, तिथे सिमेंटचा खर्च कशाला? लहानपणी टेट्रासायक्लिन गोळ्या दिल्याने पडलेले करडे पट्टे आतले असतात, ते घासून जात नाहीत. (गरोदरपणी व आठ वर्षांखालील मुलांना या गोळ्या सहसा देत नाहीत, त्या याचसाठी.) मार लागल्यानंतर एकच दात काळपट पडला असेल, तर आतली नस मेलेली असण्याची शक्यता मोठी. तिथे एक्स-रे आणि गरज असल्यास रूट कॅनाल आधी. वरून लेप देऊन पू झाकण्यात शहाणपण नाही.

जत्रेत आम्ल चोळून दात चकचकीत करून देणारे भेटतात, त्यांच्यापासून लांब राहावे. गेलेले कवच परत येत नाही.

सिमेंटही कायमचे नाही. चहा-तंबाखूने ते पिवळे पडते, ऊस सोलताना वा सुपारी फोडताना तुकडा उडतो. काही वर्षांनी दुरुस्ती लागतेच. दात उजळण्याचे रसायन वापरायचे असेल तर ते सिमेंटच्या आधी, कारण सिमेंटवर त्याचा परिणाम होत नाही. दोन्हींमध्ये दोन आठवडे जाऊ द्यावेत. थोडक्यात, साखरपुड्याच्या आदल्या दिवशी दंतवैद्याकडे धावू नये.

एक गोष्ट राहिली. खडूसारखे पांढरे पट्टे व तपकिरी डाग घरातल्या, गल्लीतल्या अनेकांना असतील तर पाण्यातील फ्लोराइडचा संशय घ्यावा. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांत बोअरच्या पाण्यात ते काही ठिकाणी जास्त आढळते. लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरी सोयच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. मोठ्या मुलीचे डाग सिमेंटने झाकता येतील, पण धाकट्याचे दात अजून हिरडीत तयार होत आहेत. आठ वर्षांखालील मूल घरात असेल तर बोअरच्या पाण्याची बाटली आधी जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पाठवा.