मुके सोबती आणि मनाचे स्वास्थ्य

अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये मनोरुग्णांविषयी एक समजूत दृढ होती : ज्याची बुद्धी भ्रंश पावली तो माणूस उरत नाही, पशू होतो, त्याला साखळदंडानेच आवरले पाहिजे. यॉर्क येथील वेड्यांच्या इस्पितळात १७९० साली हॅना मिल्स नावाची क्वेकर पंथाची स्त्री मरण पावली. तिला भेटू इच्छिणाऱ्या पंथबांधवांना परवानगी मिळाली नव्हती. या घटनेने व्यथित झालेले चहाचे व्यापारी विल्यम ट्यूक यांनी पुढाकार घेतला आणि १७९६ मध्ये ‘रिट्रीट’ हे रुग्णालय सुरू झाले. तेथे रुग्णांना साखळदंड नव्हते. अंगणांत मात्र ससे, कोंबड्या, ससाणे आणि समुद्रपक्षी होते.

विल्यम यांचे नातू सॅम्युअल ट्यूक यांनी १८१३ च्या ग्रंथात यामागील विचार सांगितला आहे. या जीवांमुळे निर्मळ आनंद मिळतोच, शिवाय त्यांच्या सहवासात रुग्णाच्या ठायी स्नेहभाव व परोपकारबुद्धी जागृत होते. ज्याला जगाने पशू ठरविले, त्याचे माणूसपण एका सशाच्या सोबतीने परत यावे, ही गोष्ट इतिहासाच्या विद्यार्थ्याला अंतर्मुख करणारी आहे.

विसाव्या शतकात न्यूयॉर्कचे बालमानसतज्ज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांना हेच निराळ्या रीतीने आढळले. एक अबोल मुलगा ठरल्या वेळेआधीच त्यांच्याकडे आला. त्यांचा कुत्रा जिंगल्स तेव्हा खोलीतच होता. मुलगा प्रथम कुत्र्याशी रमला आणि हळूहळू डॉक्टरांशीही मोकळा झाला. १९६२ मध्ये लेव्हिन्सन यांनी या विषयावर लेख प्रसिद्ध केला.

असे का घडते? प्राणी गुण विचारत नाही, आडनाव विचारत नाही. त्याच्यापुढे अडखळत बोलले तरी कोणी हसत नाही. शिवाय त्याला वेळेवर चारा-पाणी लागते. मन खिन्न असले तरी उठावेच लागते. अमेरिकेतील वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाच्या २०१९ मधील अभ्यासात विद्यार्थ्यांनी कुत्र्या-मांजरांना अवघी १० मिनिटे कुरवाळले, तर त्यांच्या लाळेतील ताणाच्या संप्रेरकाचे प्रमाण घटलेले आढळले.

येथे एक कटू सत्य नोंदविणे भाग आहे. महाडच्या चवदार तळ्यावर गुराढोरांना पाणी पिण्यास मज्जाव नव्हता, आमच्या माणसांना होता. त्यासाठी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला. तेव्हा भूतदया ही माणुसकीला पर्याय होऊ शकत नाही. परंतु त्या कारणाने आपण या स्नेहाला पारखे व्हावे, हेही मला पटत नाही. शेळ्या-कोंबड्यांशी बोलत आपल्या आया-आज्यांनी किती दुःखे पचविली, याची नोंद कोणत्याही ग्रंथात नाही.

घर सोडून वसतिगृहात आलेल्या मुलाला पहिले काही महिने फार जड जातात. त्याच्यावर कोंबड्यांना दाणे टाकण्याचे, शेळीला पाला घालण्याचे काम सोपवून पाहावे. ते शिक्षा म्हणून कधीही देऊ नये. मूल जेवत नसेल, सतत एकटे राहत असेल, तर मात्र केवळ प्राण्यावर विसंबू नये. समुपदेशकाचे साहाय्य घ्यावे. कुत्रे-मांजर पाळल्यास त्यांना रेबीजची लस द्यावी. चावा वा ओरखडा झाल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन मुलाला त्वरित दवाखान्यात न्यावे.