जुनी मोटार : पारख आणि दक्षता

जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीमुळे जुन्नर तालुक्यातील खोडद हे गाव जगाला परिचित झाले आहे. तथापि तेथील कुटुंबालाही बाजार, दवाखाना वा शिक्षणासाठी नारायणगाव, प्रसंगी पुणे गाठावे लागते. नवी मोटार न परवडल्यास साठवलेल्या पैशांतून जुनी मोटार घेण्याचा विचार होतो. अशा वेळी चकाकणारा रंग पाहून निर्णय घेणे हितावह नाही.

मोटार दिवसाउजेडी आणि इंजिन थंड असताना पाहावी. तापवून ठेवलेले इंजिन आपले दोष लपविते. चालू केल्यावर सतत निळसर धूर आल्यास इंजिन ऑइल जळत आहे, तर दाट पांढरा धूर थांबत नसल्यास पाणी सिलिंडरमध्ये शिरत आहे, असा संशय घ्यावा. ऑइल दुधाळ दिसणे हेही पाणी मिसळल्याचे लक्षण होय.

किलोमीटरचा आकडा बदलता येतो. झिजलेली पेडले मात्र सहसा खरे सांगतात. आकडा कमी आणि पेडले गुळगुळीत असल्यास सर्व्हिसिंगच्या नोंदी मागाव्यात. दरवाजांच्या असमान फटी अपघाताकडे, तर गालिच्याखालील गाळ पुराच्या पाण्याकडे निर्देश करतो. टायरवरील चार अंकी खुणेत निर्मितीचा आठवडा व वर्ष असते. अखेरीस कुटुंबाइतकी माणसे बसवून मोटार चढावर चालवावी आणि विश्वासू मिस्त्रीला दाखवावी.

यंत्राइतकीच कागदपत्रेही महत्त्वाची आहेत. चासी व इंजिन क्रमांक नोंदणीपत्राशी जुळले पाहिजेत. खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर तिचे नूतनीकरण दर ५ वर्षांनी करावे लागते. कर्जाचा बोजा असल्यास तो उतरविण्यासाठी नमुना ३५ लागतो. हस्तांतरणासाठी नमुना २९ व ३० भरावे लागतात. खरेदीदाराने ३० दिवसांत परिवहन कार्यालयास कळवावे आणि विमा १४ दिवसांत आपल्या नावे करण्यासाठी अर्ज करावा.

नाव न बदलल्यास विक्रेताही संकटात सापडतो. नोंदणीपत्रावर ज्याचे नाव आहे तोच मालक मानला जाऊन अपघाताच्या भरपाईस जबाबदार ठरतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला आहे.

गावात अशा व्यवहारापूर्वी शिक्षकांचा वा पंचायत सदस्यांचा सल्ला घेतला जातो. ‘इंजिन थंड असताना पाहा आणि नाव बदलल्याविना व्यवहार पुरा समजू नका’ एवढे त्यांनी सांगितले, तरी एखाद्या कुटुंबाची पुंजी वाचू शकेल.