दरवाजे तुटण्याआधीची 'सीआयडी'

येवला : पैठणीच्या मागावर बसलेल्या कारागिराची नजर सहसा विणीवरून हलत नाही. पदरावरचा मोर भरताना निरनिराळ्या रंगांच्या कांड्या हाताशी असतात, आणि एखादा धागा चुकला तर झालेले काम उसवावे लागते. साहजिकच माग असलेल्या घरात दूरचित्रवाणी संच सुरू असला, तरी तो पाहण्यापेक्षा ऐकला अधिक जातो. 'सीआयडी' या मालिकेची जुनी आणि नंतरची वर्षे ताडून पाहताना ही साधी गोष्ट फार उपयोगी पडते. जानेवारी १९९८ मध्ये सोनी वाहिनीवर सुरू झालेली ही मालिका आरंभीच्या काळात नुसती ऐकून उमगत नसे. शेवटच्या दशकात मात्र पडद्याकडे एकदाही न पाहता ती पुरती समजत असे. ऑक्टोबर २०१८ मध्ये पहिले पर्व थांबले, तोवर तिचे दीड हजारांहून अधिक भाग झाले होते. या वीस वर्षांत तपासाची कथा सांगण्याची रीतच पालटली.

मालिकेचे मूळ मराठी प्रेक्षकाला परके नाही. निर्माते बी. पी. सिंग यांनी मुंबई दूरदर्शनवर कॅमेरामन म्हणून काम केले होते. पोलिसांच्या खऱ्या तपासांवर बेतलेली 'एक शून्य शून्य' ही दूरदर्शनवरील मराठी मालिका त्यांचीच. तीत तपास अधिकारी म्हणून दिसलेले शिवाजी साटम पुढे 'सीआयडी'त एसीपी प्रद्युम्न झाले. पहिल्या वर्षी त्यांच्या पथकात आशुतोष गोवारीकर होते, अश्विनी काळसेकर होत्या. नंतर फ्रेडरिक्स म्हणून घराघरात पोहोचलेले दिनेश फडणीसही होते. हिंदी मालिका असूनही तिची चाल-ढाल मुंबईच्या पोलिस ठाण्याची होती, ती यामुळेच.

आरंभीच्या वर्षांत एका प्रकरणाचा उलगडा बहुधा एका भागात होत नसे. कथा दोन, कधी त्याहून अधिक भागांत चाले. ही सवड महत्त्वाची होती. संशयितांची एकेक करून चौकशी होई, प्रत्येकाच्या जबानीतील वेळ दुसऱ्याच्या जबानीशी ताडली जाई, एखादा माग चुकीचा निघे आणि पथक रिकाम्या हाताने परते. प्रेक्षकाजवळ पुढच्या भागापर्यंत विचार करायला वेळ असे, आणि पडद्यावर एखादी वस्तू क्षणभर दिसून गेली तर तिचा अर्थ लावण्याचे काम त्याच्यावर सोपवलेले असे. प्रद्युम्न त्या काळात कमी बोले. बोटे हवेत फिरवून शंका व्यक्त करण्याची त्याची लकब होती, पण ती विनोदाचा विषय झालेली नव्हती. स्वतःच्या गुन्हेगार मुलावर गोळी झाडण्याची वेळ त्याच्यावर येते, त्या कथेचे ओझे साटम यांनी मोजक्या शब्दांत पेलले होते. या मालिकेतील त्यांचे सर्वांत चांगले काम तेच, असे म्हणण्यास हरकत नाही.

या पद्धतीचा कळस म्हणजे नोव्हेंबर २००४ मध्ये दाखवलेला १११ मिनिटांचा भाग. तो कोठेही न तोडता, एकाच सलग चित्रीकरणात टिपला गेला आणि त्याची नोंद गिनेस बुकात झाली. विक्रमाची हौस त्यामागे होतीच. परंतु नटांनी तालीम करून, पाठ करून, एकमेकांच्या हालचाली सांभाळून काम करावे लागे, तेव्हाच असा प्रयोग शक्य होता.

पुढे मालिका आठवड्यातून दोन आणि काही काळ तीन दिवस येऊ लागली, आणि बहुतेक प्रकरणे एकाच भागात मिटू लागली. हिशेब सरळ आहे. आठवड्याला दोन प्रकरणे म्हणजे वर्षाला शंभरावर खून, शंभरावर खुनी आणि तितकेच निराळे हेतू. शरदिंदु बंद्योपाध्याय यांनी ब्योमकेश बक्षीच्या जेमतेम तीस-बत्तीस कथा पूर्ण केल्या, त्याही आयुष्यातील कित्येक वर्षे घेऊन. बासू चटर्जी यांनी दूरदर्शनसाठी त्यांवर केलेल्या मालिकेचे १९९३ आणि १९९७ अशा दोन पर्वांत मिळून अवघे ३४ भाग झाले. तिच्या दुसऱ्या पर्वात पहिल्याच्या तुलनेत फारशी घसरण जाणवत नाही, याचे कारण या आकड्यातच आहे. पंकज कपूर यांचा 'करमचंद' मात्र १९८५ नंतर थेट २००७ मध्ये परतला. गाजर तेच होते, पण त्याभोवतीचे दूरदर्शनचे एकवाहिनी जग उरले नव्हते.

'सीआयडी'ने या मागणीवर जो तोडगा काढला, तो म्हणजे यंत्र, दरवाजा आणि थप्पड. डॉ. साळुंखे यांच्या प्रयोगशाळेत नमुना ठेवला की संगणकाच्या पडद्यावर क्षणार्धात उत्तर उमटू लागले. जी माहिती पूर्वी चार ठिकाणी पायपीट करून मिळे, ती एका वाक्यात मिळू लागली. मूळचा थाळीफेकपटू असलेल्या दयानंद शेट्टी यांच्या खांद्याने दारे मोडणे हा आठवड्याचा नेम झाला. सर्वांत मोठा बदल संवादांत झाला. पथकातील एक जण म्हणे, मृताच्या हातावर जखम आहे. दुसरा म्हणे, म्हणजे झटापट झाली असणार. तिसरा म्हणे, म्हणजे खुनी ओळखीचा होता. प्रत्येक वाक्यागणिक कॅमेरा एकेका चेहऱ्यावर झेपावे. स्वयंपाक, अभ्यास किंवा विणकाम करता करता ऐकणाऱ्याचे यात काही चुकत नसे, आणि मुलांमध्ये मालिका अफाट लोकप्रिय झाली ती याच काळात. तेव्हा या बदलाला निव्वळ अधःपतन म्हणणे अन्यायाचे होईल. ती रहस्यकथा राहिली नाही, घरगुती करमणूक झाली.

प्रश्न उरतो तो थप्पडेचा. उत्तरार्धातील असंख्य भागांत शेवटची पाच मिनिटे एकाच साच्याची आहेत: संशयिताच्या कानाखाली बसते आणि तो सारे कबूल करतो. जुन्या भागांत पुराव्यांची साखळी पुरी झाल्यावर कबुली येई; नव्यांत कबुली हाच पुरावा झाला. कायद्यात मात्र तिचे मोल जवळपास शून्य आहे. पोलिस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही, हा नियम १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम २५ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये तो कायम आहे. आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू हस्तगत झाली, तर त्या शोधाशी संबंधित तेवढाच भाग ग्राह्य धरला जातो. संमतीविना केलेली नार्को चाचणीही सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये घटनाबाह्य ठरवली. म्हणजे प्रद्युम्नच्या पथकाने ज्या क्षणी खटला जिंकल्यासारखे दाखवले, त्या क्षणी न्यायालयात नेण्याजोगे त्याच्या हाती फारसे काही नसे.

महानगराबाहेरच्या प्रेक्षकाला हा फरक अधिक जाणवण्यासारखा आहे. येवला नाशिक ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत येते. एसीपी, म्हणजे सहायक पोलिस आयुक्त, हे आयुक्तालयातील पद. तालुक्याच्या ठाण्यांवर देखरेख उपविभागीय पोलिस अधिकाऱ्याची असते. राज्याच्या खऱ्या सीआयडीचे मुख्यालयही मुंबईत नसून पुण्यात आहे. ठाण्यातून पाठवलेला नमुना न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जातो, त्याला क्रमांक पडतो आणि अहवालाची वाट पाहावी लागते. नात्यातल्या कुणाच्या मृत्यूनंतर अशी वाट पाहणाऱ्या घराला पडद्यावरचा क्षणार्धातला निकाल पाहून पोलिस मुद्दाम दिरंगाई करीत आहेत असे वाटले, तर त्यात नवल नाही. पंचनामा, साक्षीदारांची जुळवाजुळव, पुन्हा पुन्हा घालावे लागणारे हेलपाटे हे सारे १९९८-९९ च्या भागांत निदान दिसत तरी होते.

२१ डिसेंबर २०२४ रोजी मालिकेचे दुसरे पर्व सुरू झाले. योगायोग असा, की त्याच वर्षी अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करावेत अशी तरतूद केली आणि राज्यांना त्यासाठी पाच वर्षांपर्यंत मुदत दिली. डॉ. साळुंखे यांचे महत्त्व कायद्यानेच मान्य केले म्हणावे, तर मालिका दुसरीकडे वळली होती. नव्या पर्वाची सुरुवातच अभिजीत आणि दया यांच्यातील वैराने झाली. एप्रिल २०२५ मध्ये बार्बोसा या खलनायकाने घडवलेल्या स्फोटात प्रद्युम्नचा मृत्यू दाखवण्यात आला. ही भूमिका तिग्मांशु धुलिया यांनी केली होती. प्रेक्षकांनी नाराजी व्यक्त केली, आणि पुढे शिवाजी साटम मालिकेत परतले. या साऱ्या प्रकरणात बार्बोसा गुन्हेगार आहे, हे प्रेक्षकाला पहिल्यापासून ठाऊक होते.