देवाणघेवाणीचे गणित

अनोळखी माणसावर विश्वास कितपत टाकावा, हा प्रश्न फार जुना आहे. परंतु तो संगणकांनाही पडतो, हे ऐकून आमच्या बालवाचकांस नवल वाटेल. २००० साली ‘नुटेला’ नावाच्या संगणकजालाची पाहणी झाली. या जालाला ना मालक, ना कोठार. जवळची फाइल दुसऱ्यास द्यावी, हवी ती दुसऱ्याकडून घ्यावी, एवढाच रिवाज. पाहता शेकडा सत्तरच्या सुमारास लोक काहीच देत नव्हते! पंगतीस सारे, वाढावयास कोणी नाही.

त्यांस लबाड म्हणणे सोपे आहे. पण १९५० साली फ्लड व ड्रेशर यांनी मांडलेले, ‘कैद्यांचा पेच’ म्हणून प्रसिद्ध झालेले कोडे पाहा. समोरचा देवो वा न देवो, आपण न देण्यातच आपला लाभ. मात्र दोघांनीही हाच हिशेब केला, की दोघेही रिकाम्या हातांनी परततात. एकदाच गाठ पडणार असेल तर यातून सुटका नाही.

गाठ वारंवार पडत असेल तर? रॉबर्ट अ‍ॅक्सेलरॉड यांनी याच खेळासाठी संगणकाच्या आज्ञावलींची स्पर्धा भरवली व १९८० साली तिचा निकाल प्रसिद्ध केला. १४ आज्ञावली आल्या. त्यांत सर्वांत आखूड असलेली, अनातोल रॅपोपोर्ट यांची ‘जशास तसे’ पहिली आली. पहिल्या डावात सहकार्य करावे, पुढे प्रतिपक्षाने मागल्या डावात केले तेच आपण करावे, एवढाच तिचा नियम. गंमत अशी की, समोरासमोर ती कोणावरही कुरघोडी करू शकत नाही. तरीही एकूण बेरजेत ती सर्वांच्या पुढे गेली.

२००१ साली ब्रॅम कोहेन यांनी ‘बिटटोरंट’ रचताना हीच दृष्टी ठेवली. यात फाइलीचे तुकडे होतात व ज्यांच्यापाशी ती अपुरी आहे ते आपसांत ते तुकडे बदलतात. दर १० सेकंदांनी प्रत्येक संगणक आपल्याला अधिक वेगाने कोण देतो हे पाहतो आणि अशा मोजक्यांनाच आपण देतो. पण नवख्यापाशी देण्यास काहीच नसते. त्याने काय करावे? म्हणून दर ३० सेकंदांनी हिशेब न पाहता कोणा एकास संधी मिळते. आम्हांस या साऱ्या रचनेत हेच कलम अधिक मोलाचे वाटते. परक्याला आधी काही दिल्यावाचून ओळख होणार तरी कशी?

फाइल पूर्ण झाल्यावर मात्र हे गणित लागू पडत नाही. घ्यावयाचे काही उरलेले नसतानाही पुष्कळ लोक आपला संगणक चालू ठेवून इतरांस तुकडे देत राहतात. ‘जशास तसे’ या नियमात त्यांचे उत्तर नाही.