मधुमेहींची पादत्राणे : देखणी हवीत, पण आधी पायाला मानवणारी

नाशिकच्या मेन रोडला किंवा शालिमारला चपलांच्या दुकानात गिऱ्हाईक आधी रंग पाहते, मग भाव विचारते आणि शेवटी पाय घालून बघते. साखरेचा आजार असलेल्या गिऱ्हाइकासाठी हा क्रम उलटा करावा लागतो. पादत्राणांच्या धंद्यातील बांधवांनी हे मनावर घ्यावे, कारण असे गिऱ्हाईक आता रोजचे झाले आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात सुमारे १० कोटी मधुमेही असल्याचा अंदाज आहे.

बरीच वर्षे साखर वाढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होतात. खिळा वर आला, खडा शिरला, पट्टा काचला तरी कळत नाही. धडधाकट माणूस लंगडतो आणि चप्पल काढतो. हा दिवसभर तसाच चालतो. त्यातून जखम चिघळली तर बोट, कधी पायही कापायची पाळी येते. म्हणून 'लागतो का?' असे विचारून 'नाही' उत्तर मिळाले, तर त्यावर विसंबू नये. उलट बधिर पायाला सैल माप जाणवतच नाही, त्यामुळे असे लोक हमखास घट्ट जोडा मागतात. तो देऊ नये.

माप संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, उभे करून आणि दोन्ही पायांचे घ्यावे. सर्वांत लांब बोटापुढे बोटभर जागा राहावी. एक सोपी परीक्षा आहे : उभ्या पायाची कागदावर आखणी करून ती कापावी आणि जोड्यात घालावी. कागद कडेला मुडपला तर जोडा अरुंद आहे.

अंगठ्याची चप्पल अशा पायाला नको. पट्टा बोटांच्या बेचक्यात घासतो, आणि निसटली तरी पायाला कळत नाही. टाचेला पट्टा असलेली, पुढे रुंद सँडल चांगली. खिळे टाळून शिलाई आणि सोल्युशनवर काम करावे, आतल्या शिलाईची गाठ बोटांवर येऊ देऊ नये.

तळ कसला असावा, याचा धडा आपल्याच देशात घडला. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांचे बधिर पाय अभ्यासले. साधाच दाब रोज हजारो पावलांत त्याच जागी पडत राहिला की जखम होते, हे त्यांनी दाखवले. त्यातूनच मऊ सच्छिद्र रबराचा, म्हणजे एम.सी.आर.चा तळ पुढे आला. तोच आज मधुमेहींना देतात. खाली मात्र काटा-काच अडवील असा कठीण सोल हवा. रबराची पारख चिमटीत करावी : दाबल्यावर जाडी निम्मी व्हावी आणि सोडताच पूर्ववत व्हावी. स्वस्त फोम थोड्याच दिवसांत बसतो. मग त्याचा उपयोग शून्य.

आता देखणेपणाचे. कुष्ठरुग्णांच्या त्या चपला ओळखू येत. लोक बोट दाखवत, म्हणून रुग्ण त्या घालत नसत. मधुमेहींचेही तेच. लग्नाला जाताना 'दवाखान्याची चप्पल' कोण घालील? म्हणून तळ जाड असला तरी कड चामड्याने मढवावी, रंग तपकिरी किंवा काळा ठेवावा, बायकांसाठी पट्ट्यावर थोडे जरीकाम करावे. ते बाहेरून, आतून अस्तर साफ. पट्ट्याला वेल्क्रो लावले तर सूज आल्यावर सैल करता येते. हे काम कारखान्याच्या ठराविक मापात बसत नाही, म्हणूनच ते आपल्या कारागिराच्या हाती राहू शकते.

गिऱ्हाइकाला दोन गोष्टी सांगाव्यात. वुजूनंतर बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात. आणि एप्रिल-मेमध्ये मशिदीच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी चालू नये, कारण चटका कळत नाही आणि फोड येतो. सावलीची वाट किंवा चटई धरावी.

पायाला उघडी जखम दिसली, बोटे वाकडी झाली असतील किंवा एखादा भाग लाल-गरम वाटला, तर विक्री थांबवून डॉक्टरकडे धाडावे. कुरूप दुकानात ब्लेडने कापण्याचा उद्योग तर कोणीही करू नये. पहिल्या दिवशी नवी जोडी तासभरच घालून पाय बघायला सांगावे. तळ दबला की तो बदलून देण्याचा दर आधीच सांगून ठेवावा. अशा कामाला गिऱ्हाईक परत येते.