तत्त्व जिंकले, अर्जदार हरला

संगमनेरचा एक जोडे शिवणारा कारागीर गावातले घर पडले म्हणून मुंबईत आला आणि महिना 350 रुपयांवर बदली कामगार झाला. तुळशीवाडीच्या फुटपाथवर जागा मिळावी म्हणून त्याने तिथल्या गुंडाला 300 रुपये दिले. बांबू आणि प्लॅस्टिकवर आणखी 700 गेले. जवळपास तीन महिन्यांच्या पगाराचे हे छप्पर जानेवारी 1980 मध्ये पाडले गेले, ते त्याने पुन्हा उभारले. हा सगळा हिशेब सर्वोच्च न्यायालयाच्या 10 जुलै 1985 च्या निकालपत्रात नोंदलेला आहे. ‘ऑल्गा टेलिस’ या नावाने तो निकाल ओळखला जातो. उपजीविका हिरावली तर जगण्याचा हक्कच हिरावला जातो, हे सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या पाच सदस्यांच्या पीठाने त्यात मान्य केले. कायद्याच्या वर्गात शिकवले जाते ते एवढेच. निकालपत्राची शेवटची पाने सहसा कोणी वाचत नाही.

त्या पानांत हा कारागीर, म्हणजे अर्जदार, हरतो. नोटीस न देता अतिक्रमण हटवू देणारे मुंबई महापालिका कायद्याचे 314 कलम वैध ठरले. सुनावणी हवी, हे न्यायालयाने तत्त्वतः मानले; पण ती आमच्यासमोर झालीच आहे, असे म्हणून तोही प्रश्न मिटवला. 1976 च्या गणनेची ओळखपत्रे असलेल्यांना पर्यायी जागा द्यावी असे सांगितले, मात्र ती देईपर्यंत हटवू नये अशी अट घातली नाही. हाच साचा इतरत्रही दिसतो. 1973 मध्ये 13 न्यायाधीशांनी 7 विरुद्ध 6 अशा बहुमताने राज्यघटनेची मूलभूत चौकट अभेद्य ठरवली. पण ज्या केरळच्या जमीन कायद्यांविरुद्ध केशवानंद भारती आले होते, त्या कायद्यांना कवच देणारी 29 वी घटनादुरुस्ती टिकली. मनेका गांधी प्रकरणातल्या 1978 च्या निकालाने जगण्याच्या हक्काच्या कलम 21 चा अर्थच पालटला, पण त्यांचा जप्त पासपोर्ट परत करा असा आदेश त्यात नाही.

यावर वकील मंडळी म्हणतील, घटनापीठाचे काम तत्त्व सांगण्याचे. त्याचा लाभ पुढच्या हजारोंना होतो. खरे आहे. शिवाय पाडकामाला 1981 पासून मिळालेल्या स्थगितीने फुटपाथवरच्या कुटुंबांना चार पावसाळे छपराखाली काढता आले, हेही नाकारता येणार नाही. फुटपाथ चालणाऱ्यांचा आहे, हा आक्षेप तर मला सर्वांत वजनदार वाटतो. पण त्याने जागा रिकामी करण्याचे समर्थन होते, पर्याय न देण्याचे नाही. उपजीविका कामाच्या ठिकाणाला बांधलेली असते हे ज्या न्यायालयाने स्वतःच मान्य केले, त्याने ओळखपत्रधारकांची पर्यायी जागा हटवण्याआधीची अट केली असती तर शहर चालवण्याचा भार काही त्याच्या अंगावर पडला नसता. हुसैनारा खातून प्रकरणात, 1979 मध्ये, बिहारच्या तुरुंगांत खितपत पडलेले कच्चे कैदी खरोखरच बाहेर आले. तत्त्व आणि दिलासा एकाच आदेशात मावतात, हे सहा वर्षांपूर्वीच दिसले होते. फुटपाथवाल्यांच्या वाट्याला मात्र पावसाळा आणि वर एक महिना आला: मुदत 31 ऑक्टोबर 1985.